शिंशा अजून वाळायची आहे

जयनगर, बेंगळूरु
शुक्रवार, दुपार

प्रिय अक्का,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या छातीत धस्स होईल, म्हणून आधी सांगते, की अप्पा बरे आहेत. जेवून पडलेत. रत्नाआत्या हॉलमध्ये टीव्ही लावून त्याच्यासमोरच डुलक्या काढतेय. मी आज एचएसआरला, ऑफिसला गेले नाही. पोट बिघडलंय असं कळवलं. ते खोटं आहे, आणि सकाळपासून भातातल्या खड्यासारखं ते दाताखाली येतंय. फोन का केला नाही, असं तू म्हणशील. फोनवर तू स्पीकर लावतेस, अक्का. भावोजी शेजारी असतात, आणि मग जे बोलायचं ठरवलेलं असतं ते सोडून मी पुण्यात थंडी किती आहे ते विचारते आणि ठेवून देते. शिवाय इकडे अप्पांच्या कानांवर अजून वयाचा काही परिणाम नाही. म्हणून हे पत्र.

मी सगळं पहिल्यापासून सांगणार आहे. तुला बरंचसं माहीत असेल, तरी वाच. मी जे पाहिलं ते तसंच घडलं, की माझ्या स्वभावाने ते तसं दाखवलं, हे मला लिहितालिहिता तपासून बघायचंय. तू नेहमी म्हणतेस, संयूला पोलिसात घालायला हवं होतं, ती दूधवाल्याचाही जबाब घेते. ते खरंच आहे. रोजची डायरी लिहिणाऱ्या माणसाला ही खोड लागते. दिवसभरात कोण काय बोललं ते रात्रीपर्यंत डोक्यात जपून ठेवावं लागतं, आणि जपून ठेवलं की शंका येतेच.

अप्पांची रेल्वे तू शेवटची पाहिलीस तेव्हा डोंगर नुसता थर्माकोलचा होता. आता तुझी माडीवरची खोली ओळखू येणार नाही. तुझा पलंग गच्चीच्या खोलीत गेला, आणि त्या जागी भिंतीपासून भिंतीपर्यंत प्लायवूडवर मद्दूर उभं आहे. आपलं मद्दूर, छोट्या लाइनीच्या वेळचं, अप्पा तिथे पुलांचे इन्स्पेक्टर होते तेव्हाचं. स्टेशनची कन्नड पाटी आहे, वडेवाल्याची परात आहे, आणि परातीत मोहरीएवढे वडे. आपलं क्वार्टर आहे, त्याच्या पायरीवर दोन मुली बसवल्यात. एकीचे केस कापलेले आहेत म्हणजे ती तू. पुलाच्या जाळ्या अप्पांनी पत्त्यांच्या जाड कागदाच्या कापल्या, त्यांना गंजाचा रंग दिला. पुलाखालची शिंशा तेवढी बाकी होती. नदी होती, पण कोरडी.

गेल्या वर्षी ते न्हाणीत घसरून पडले, आणि हॉस्पिटलातून घरी आणलं त्या दिवशी तू त्यांचा हात धरून म्हणालीस, "आता पुरे झालं, अप्पा. पुण्याला चला. बारावा मजला, लिफ्ट, खाली डॉक्टर." ते म्हणाले, "रेल्वे पुरी होऊ दे. नदीत पाणी आलं की येतो." तू म्हणालीस, "शब्द?" आणि ते म्हणाले, "शब्द." मी दारात थर्मास घेऊन उभी होते. त्यानंतर महिन्याभरातच भावोजींच्या ओळखीचा बिल्डर घर बघून गेला. हे दोन्ही एकामागोमाग घडलं, एवढंच मी लिहिते. एकामुळे दुसरं घडलं असं म्हणत नाही. म्हणजे, म्हणू नये असं स्वतःला बजावते.

मग पाण्याचा शोध सुरू झाला. आत्याला त्यात कळेना की एवढं अवघड काय आहे. "रे मल्हारी, नळ सोड की! पाण्याला पाण्याहून बरं काय?" अप्पांनी तिला समजावलं, की खरं पाणी एवढ्याशा नदीत सांडल्यासारखं दिसतं. त्याला लाट येत नाही, पूल भिजून फुगतो, आणि वर डासांच्या अळ्या शोधणारी माणसं येऊन आपल्या माडीला नोटीस लावतील. मग त्यांनी फ्रेमवाल्याकडून काच आणली. खालून रंगवून बघितली. काचेत खांब उभे करता येईनात, आणि नदी मिठाईच्या दुकानातल्या कपाटासारखी दिसायला लागली. मेणबत्त्यांचं पारदर्शक जेल वितळवून ओतलं, तर त्यावर बोटाचे ठसे उठले आणि आठवडाभरात धूळ बसली. वॉर्निशचे हात दिले, तर ते पिवळं पडलं. फेविकॉल वाळल्यावर स्वच्छ होतो खरा, पण जाड थर आतून दुधाळच राहतो. प्रत्येक वेळी अप्पा लांब उभे राहायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "ही शिंशा नाही."

त्यांचं एक म्हणणं मला पटलं. पाण्याला स्वतःचा रंग नसतोच, रंग तळाला द्यायचा. मध्ये खोल आहे तिथे काळपट हिरवा, काठाकडे येताना मातीचा, आणि अगदी काठाला ओल्या वाळूचा. प्लास्टरच्या तळाला तो मातीचा रंग येईना, तेव्हा त्यांनी सकाळच्या कॉफीचं डिकॉक्शन ब्रशने लावलं आणि तळ वाळायला कितीतरी दिवस ठेवला. तो रंग इतका जमला, की मला एकदम त्या वाळूचा वास आला. वर ओतायला शेवटी रेझिन ठरलं. दोन भाग असतात, रेझिन आणि हार्डनर. वजन करून मिसळायचे, बुडबुडे न येता हळू ढवळायचे, आणि पातळ थर ओतायचा. जाड ओतला तर तापतो आणि तडकतो. ओतल्यावर एक दिवस धूळ नको, वारा नको, आणि पाण्याचा थेंब तर अजिबात नको. ओल्या रेझिनवर पाणी पडलं की तिथे पांढरं फुटतं, कोडासारखं.

हे शेवटचं आपल्याला कळलं ते आत्यामुळे. पहिल्यांदा ओतलं तो ऑक्टोबरातला, तूळ संक्रमणाचा दिवस होता, तलकावेरीला कावेरीच्या उगमाची पूजा असते तो. तिच्या ओळखीच्या कस्तुराबाई तलकावेरीहून तीर्थाची बाटली घेऊन आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर पांढरे डाग, आणि दोन खांबांच्या मध्ये कुंकू. मी घरभर चौकशी सुरू केली, तर आत्या देवघरातूनच ओरडली, "मी घातलं! नदी घरात आणता आणि तिची पूजा करत नाही? शिंशा कावेरीलाच जाऊन मिळते ना? स्वल्प तीर्थ घातलं तर काय आकाश कोसळलं?" अप्पा म्हणाले, "अगं, नासली ती." त्यावर ती म्हणाली, "तू नदीत डिकॉक्शन घालतोस ते चालतं, आणि माझ्या तीर्थाने नासते!" अप्पा इतके हसले, की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. मग छिन्नी घेऊन त्यांनी सगळी नदी खरवडून काढली आणि तळ पुन्हा रंगवला. तुला फोनवर सांगितलं तेव्हा तूही हसलीस.

दुसऱ्यांदा ओतलं ते डिसेंबरात. आत्या तिच्या लेकीकडे होसकोट्याला गेलेली. तरी पांढरे डाग आले. कुंकू नव्हतं, एवढाच फरक.

आता माझा संशय नागराजवर गेला. हा बोम्मसंद्र्याला फरशीवरच्या रंगांच्या कारखान्यात आहे, अप्पांच्या हाताखालच्या एका मुकादमाचा मुलगा. रेझिन तोच आणतो, चिठ्ठी नसलेल्या डब्यांतून. मोठ्याने हसतो, आणि बोलताबोलता छताकडे, भिंतींकडे बघतो. एकदा मला म्हणाला, "अक्का, तुमचं सैट सिक्स्टी-फॉर्टी काय?" रेझिन देणाऱ्याला आमच्या जागेची लांबी-रुंदी कशाला हवी? मी ठरवून टाकलं, की हा बिल्डरचा माणूस. मुद्दाम भेसळीचा माल देतो, म्हणजे म्हाताऱ्याने कंटाळून नाद सोडावा. हे कसं जुळतं असं मला विचारू नकोस. संशयाच्या वेळी सगळं जुळतं. आणि खरं सांगू? बिल्डरच्या मागे मला भावोजी दिसत होते, आणि भावोजींच्या मागे तू.

फेब्रुवारीत तिसऱ्यांदा ओतायचं ठरलं, तेव्हा मला अप्पांचीच एक पद्धत आठवली. पुलाचं काँक्रीट ओतताना दर खेपेला त्यातलंच थोडं साच्यात भरून बाजूला ठेवायचे. त्याला ते क्यूब म्हणायचे. पुढे खांबाला चीर गेली, तर माल वाईट होता की काम वाईट झालं, हे तो क्यूब सांगायचा. क्वार्टरच्या पडवीत ते ठोकळे असायचे, त्यांच्यावर बसून आपण सागरगोटे खेळायचो. मी अप्पांच्या नकळत मिश्रणातलं थोडं स्टीलच्या डब्याच्या झाकणात घेतलं आणि स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीमागे ठेवलं. ठेवताना एक गोष्ट लक्षात आली आणि मी तिथेच थांबले. ज्या माणसाने जन्मभर क्यूब घेतल्याशिवाय घमेलंभर काँक्रीट ओतू दिलं नाही, त्याने दोनदा नदी नासूनही एकदासुद्धा क्यूब घेतला नव्हता. हे माझ्या डोक्यात आलं, आणि मी तेही झाकणासारखंच बरणीमागे सारलं.

नागराज त्या दिवशी आला होता. ढवळायला मदत करून खाली आला, कॉफी प्यायला, आणि "सरांना सांगून येतो" म्हणून पुन्हा जिन्याकडे निघाला. मला वाटलं, सापडला! मी अनवाणी त्याच्या मागे गेले. तो वरच्या पायरीवर थांबला होता. मागे वळला, मला बघून दचकला नाही, ओठांवर बोट ठेवलं, आणि भिंतीला लागून मला जागा करून दिली.

अप्पा खुर्चीत बसले होते. मांडीवर पितळेचा तांब्या. त्यात चार बोटं बुडवत होते आणि नदीवर झटकत होते, बाजारात कोथिंबिरीच्या जुड्यांवर शिंपडतात तसं, अगदी सवयीच्या हाताने. घाई नव्हती. चेहऱ्यावर चोरटेपणाही नव्हता. गेट बंद करणारा माणूस असतो ना, तसे दिसत होते. गाडी यायची आहे, तोवर रस्ता बंद.

खाली आल्यावर नागराज बराच वेळ चपलेत पाय घालत राहिला. मग म्हणाला, "मागच्या खेपेलाच कळलं होतं, अक्का. माझं मटेरियल सरी आहे, चोख आहे. पण थोरल्या माणसाला कसं विचारायचं?" मला आठवलं, डिसेंबरात अप्पा त्याला म्हणाले होते, "नागराजा, तुझा माल डुप्लिकेट निघाला रे." आणि हा मान खाली घालून म्हणाला होता, "हौदु सर, खरंय, ती बॅचच खराब होती." जागेचं का विचारलंस, हेही मी त्याला विचारून घेतलं, माझ्यातला पोलीस तेव्हाही ड्युटीवर होता. त्याच्या वडिलांनी त्यांची जागा अशीच बिल्डरला दिली, आणि आता ते नव्या इमारतीत आपला मजला विसरतात. म्हणून विचारलं, म्हणाला. मी त्याची माफी मागायला हवी होती. मी दुसरी कॉफी विचारली.

माझ्या झाकणातलं रेझिन दुसऱ्या दिवशी काढलं. आरपार दिसत होतं, चष्म्याच्या काचेसारखं. वर माडीवर अप्पा मला पांढरी नदी दाखवत होते. "बघ संयू. हवेत दमटपणा फार." फेब्रुवारीत, अक्का! मी म्हणाले, "हो, अप्पा." दोघंही नदीकडेच बघत होतो.

तेव्हापासून मी गप्प आहे, आणि गप्प का आहे ते शोधतेय. अप्पांना पुण्याला यायचं नाही, हे उघड आहे. की मला उघड वाटतंय? ते गेले तर मी कुठे असेन? बिल्डर मला त्याच जागी एक फ्लॅट देईल, आत्या लेकीकडे जाईल, आणि मी नव्या कोऱ्या भिंतींमध्ये डायरी लिहीत बसेन. मग जे मी जिन्यावरून पाहिलं, ते मला सोयीचं होतं म्हणून तर मला इतकं स्पष्ट कळलं नाही ना? दुसरीकडे तू. तुला अप्पा हवेत की जागा? हे विचारताना मला लाज वाटते, पण न विचारता नुसता संशय ठेवणं जास्त वाईट. तू आई गेल्यावर महिनाभर इथे राहिलीस, अप्पांची नखं कापलीस. ते मी विसरलेले नाही. आणि तूच गेल्या रविवारी फोनवर म्हणालीस, "अप्पा, पाण्याचं काय एवढं? निळा कागद चिकटवा आणि चला. उगादीला आम्ही कागदपत्रं घेऊनच येतोय." तेही मी विसरलेले नाही. दोन्ही तूच.

तो फोन झाल्यावर अप्पांनी रिकामा कप बशीत उपडा ठेवला. मग म्हणाले, "सौम्याचं बरोबर आहे. किती दिवस गेट अडवून बसायचं?" मी म्हणाले, "तुम्हाला जायचं नसेल तर तसं सांगा ना तिला." ते म्हणाले, "शब्द दिलाय गं." एवढंच. तुला माहीत आहे, त्यांना लाइन बंद ठेवता येते. नाही म्हणता येत नाही. आईला त्यांनी एकदाही नाही म्हटलं नाही. नको असलेल्या गावाला जायचं असलं, की त्यांची रजा नामंजूर व्हायची. ती रजा त्यांनी कधी मागितलेलीच नसायची, हे आईला शेवटपर्यंत ठाऊक होतं, असं आता मला वाटतं.

आज सकाळी त्यांनी चौथ्यांदा ओतलं. मी त्यासाठीच घरी राहिले. नागराजने ढवळलं, अप्पांनी ओतलं. आणि मग त्यांनी माझ्याकडे वळून म्हटलं, "आईची हळदीकुंकवाची वाटी आण. क्यूब घ्यायला हवा. चुकत होतो मी." वाटीत त्यांनी स्वतः थोडं ओतलं आणि कोनाड्यात ठेवलं. मला म्हणाले, "उगादीला सौम्या आली की पुलावर नारळ फोडू. गाडी तिच्या हाताने सोडू." नागराज मान वर न करता निघून गेला. तो त्यांच्याकडे बघत नव्हता आणि माझ्याकडेही नाही. जेवायला उतरताना अप्पांनी तांब्या तिथेच ठेवला, भरलेला, खुर्चीपाशी. विसरले असतील. की ठेवला? हा एक संशय मी तुझ्यावरच सोडते, मला पेलत नाही.

ते झोपल्यावर मी वर गेले. अक्का, ती शिंशा आहे. पुलाची सावली पाण्यात उतरली आहे, काठाला ओली वाळू आहे, मध्ये तो काळपट हिरवा, जिथे तू मला हाताला धरून न्यायचीस आणि "इथून पुढे नाही" म्हणायचीस. बोट लावलं असतं तर चिकटलं असतं. उद्या सकाळपर्यंत कडक होईल. मी तांब्या उचलला. चार थेंब पुरले असते. आणखी दोन महिने मिळाले असते, आत्यावर ढकलता आलं असतं, हवेवर ढकलता आलं असतं, आणि अप्पांनी मला काही विचारलं नसतं. माझी बोटं पाण्यात भिजली होती. मग मला वाटलं, त्यांनी आज स्वतः क्यूब घेतलाय. मी शिंपडलं, तर ती वाटी सांगेल, की माल चांगला होता. आणि त्यांना कळेल, की घरात आता नाही म्हणता न येणारी दोन माणसं आहेत. मी तांब्या गच्चीत नेऊन कढीपत्त्याच्या कुंडीत ओतला आणि हे पत्र लिहायला बसले.

ते रविवारी तुला फोन करतील आणि पाणी झालं म्हणून सांगतील. पत्र त्याच्या आधी पोचावं म्हणून आत्ताच कुरिअरला देते. सोबत कागदात गुंडाळून दोन तुकडे ठेवलेत. पांढरा आहे तो फेब्रुवारीतल्या नदीचा, खरवडताना मी उचलून ठेवलेला. स्वच्छ आहे तो माझ्या झाकणातला, त्याच डब्यातला, त्याच दिवशीचा. खिडकीशी धरून बघ. बिल्डरच्या कागदांवर माझीही सही लागते; ती मी करणार नाही असं मला लिहिता आलं असतं, पण त्याने काही सुटत नाही. मी कागद अडवला तरी शब्द राहतोच, आणि तो त्यांनी तुला दिलाय. तो फक्त तुलाच परत करता येईल. एवढंच मागायला लिहिलं, अक्का. रविवारी स्पीकर बंद कर, गॅलरीत जा, आणि कधी निघता असं विचारू नकोस. यायचंय का, असं विचार. ते हो म्हणाले तर मी त्यांची बॅग भरीन, सही करीन, आणि पुन्हा कुणावर संशय घेणार नाही. पण उत्तर द्यायला त्यांना वेळ लागतो. तेवढा वेळ तू काही बोलू नकोस.

तुझीच,
संयू